गुणवंतरावांचं आतलं वाक्य

गुणवंतराव बोरकुटे यांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासता घासता, एक लहानसा निर्णय घेतला. आपला जन्म कशासाठी झाला, हे शोधून काढायचं. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी शोधावं हे ठीकच आहे. कोणी प्लॉट शोधतो, कोणी पुतणीसाठी स्थळ शोधतो, कोणी नुसताच दिवसभर चष्मा शोधतो. गुणवंतरावांनी ही सोपी कामं सोडून थेट जन्मालाच हात घातला, आणि तोही ऐन मोहफुलांच्या हंगामात. सगळं बिघडलं ते तिथंच.

दोष द्यायचाच तर निरोपसमारंभाला द्यावा लागेल. गुणवंतराव गोंडपिपरीला एका सरकारी कचेरीत जावक टेबलावर होते. कचेरीतून जे पत्र बाहेर जाईल त्यावर नंबर टाकायचा, शिक्का मारायचा आणि पाकीट चिकटवायचं. पत्रात काय लिहिलंय हे वाचणं त्यांच्या कामात येत नव्हतं, आणि जे आपल्या कामात येत नाही ते करायचं नाही हा त्यांचा बाणा होता. उभी नोकरी अशी गेली. शेवटच्या दिवशी साहेब (ते नुकतेच बदलून आले होते) शाल-श्रीफळ घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुणवंतराव हे अत्यंत..." आणि थांबले. त्यांनी बड्या बाबूंकडे पाहिलं. बड्या बाबूंनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी साहेबांनी "अत्यंत नियमित होते" असं म्हणून वाक्य कसंबसं काठाला लावलं आणि टाळ्या झाल्या.

गुणवंतरावांना ते फार लागलं. नियमित तर कोंबडाही असतो. माणूस इतकी वर्षं एका खुर्चीवर बसला आणि तो तिथं काय करत होता हे सांगायला कोणाला एक शब्द सापडू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्या रात्री जेवताना घास हातात धरून त्यांनी बायकोला विचारलं, "रुखमा, माझा जन्म कशाले झाला असन?"

रुखमाबाई ताटात भात वाढत होत्या. "मले काय मालूम जी? मी तवा नव्हती," त्या म्हणाल्या आणि वरण आणायला आत गेल्या.

रुखमाबाईंना या प्रश्नाचं कौतुक नव्हतं, याला कारण होतं. नोकरीच्या काळात गुणवंतराव आठवडाभर गोंडपिपरीत खोली करून राहत आणि रविवारी चेक आंबेझरी या गावी घरी येत. इकडे धानाची बांधी, गोठा, सासू, सणवार आणि मुलाचं लग्न हे सगळं रुखमाबाईंनी ओढलं. रविवारी नवरा आला की खाटेवर पडल्या पडल्या घरभर ऐकू जाईल अशी एक आरोळी देई, "चहा आणला का?" आणि मग "काऊन एवढा टाइम लागते?" रविवार आठवड्यातून एकदा येतो म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं होतं. आता नवरा निवृत्त झाला आणि सातही दिवस रविवार झाले.

तेवढ्यात चंद्रपूरला एका मंगल कार्यालयात 'जीवनध्येय साधना शिबिर' भरल्याची बातमी सून दिव्यानीनं मोबाइलवर दाखवली. (दिव्यानी गावच्या पंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून द्यायचं काम करायची. तिचा नवरा, म्हणजे गुणवंतरावांचा मुलगा प्रणित, बल्लारपूरला नोकरीला होता.) सासरा दोन-चार दिवस घराबाहेर जाईल एवढाच तिचा साधा हेतू होता. पुढं काय होणार याची तिलाही कल्पना नव्हती.

शिबिर घेणारे गुरुजी सद्बोधजी. गालाला माइक चिकटवलेला, अंगावर पांढरं शुभ्र, आणि आवाज असा की बँकेनं कर्ज नाकारलं तरी माणसाला बरं वाटावं. ते म्हणाले, प्रत्येक आत्मा पृथ्वीवर एक काम घेऊन येतो. ते काम आत असतं आणि आपण ते बाहेर शोधतो. यावर उपाय एकच. एक झाड धरायचं. उजाडायच्या आधी त्याच्याखाली डोळे मिटून बसायचं, ओम म्हणायचं, आणि साधनेचं रेकॉर्डिंग रोज 'ध्येयपथिक' या ग्रुपवर टाकायचं. "मग एक दिवस तुम्ही बेसावध असताना तुमच्या तोंडून एक वाक्य आपोआप बाहेर पडेल. विचार न करता पडेल. तेच तुमच्या आत्म्याचं वाक्य. तेच तुमचं ध्येय."

शेजारी बसलेले कोळसा खाणीतले एक निवृत्त गृहस्थ गुणवंतरावांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "माझ्या तोंडून बेसावध जे निघते, ते इथी सांगता येत नाई." गुणवंतरावांनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

शेवटी सद्बोधजींनी सांगितलं की महिन्याभरानं सगळे ध्येयपथिक मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठावर पुन्हा जमतील. ज्याला वाक्य सापडलं त्यानं पुढं येऊन ते सांगायचं. ज्याला सापडलं नाही त्यानं मागं बसायचं. गुणवंतराव जन्मभर मागंच बसले होते. शाळेत मागं, कचेरीत मागं, स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मामाच्या फेट्यामागं. मार्कंड्याला आपण पुढं जायचं आणि तिथं वाक्य बोलायचं, हे त्यांनी परतीच्या बसमध्येच पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते सतरंजीची गुंडाळी आणि मोबाइल घेऊन गावाबाहेर जंगलाच्या कडेला गेले. झाडं पुष्कळ होती, पण सगळीकडे पाचोळा, काटे, मुंग्या. आणि एकाएकी त्यांना एक मोठं झाड दिसलं. त्याच्याखालची जमीन खराट्यानं झाडून अंगणासारखी स्वच्छ. एक पान नाही, एक काडी नाही. निसर्गानं आपल्यासाठी आसन तयार ठेवलंय, असं त्यांना वाटलं. ते बसले, डोळे मिटले, ओम म्हटलं, आणि वरून टप्पकन डोक्यावर एक फूल पडलं. मग दुसरं. मग खांद्यावर. साधनेच्या पहिल्याच दिवशी पुष्पवृष्टी होते म्हटल्यावर माणसाला दुसरं काय वाटणार?

आता चेक आंबेझरीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की मार्चच्या अखेरीस मोहाच्या झाडाखाली बसलं तर डोक्यावर फुलंच पडतात, नारळ पडत नाहीत. आणि झाडाखालची जमीन निसर्ग झाडत नाही, ज्या घरचं झाड असतं त्या घरची बाई झाडते. जंगल सरकारचं असलं तरी कोणता मोह कोणत्या घरानं वेचायचा हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं आहे. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी वाकत नाही. आणि फुलं पडायच्या वेळी जो माणूस झाडाखाली बसून असतो, तो त्या घरचा राखणदार. गाई, वानरं, चितळं, रानडुकरं आणि कधीमधी अस्वल, या सगळ्यांना फुलं आवडतात. म्हणून राखण लागते. हे सारं गुणवंतरावांनी लहानपणी पाहिलेलं होतं, पण जावक टेबलानं ते त्यांच्या डोक्यातून कधीच पाठवून दिलं होतं.

ते झाड इंदुताईंचं होतं.

इंदुताई म्हणजे बोरकुट्यांच्या शेजारीण. मुलगा हैदराबादला, घरात एकट्या. त्यांचं आणि रुखमाबाईंचं कुंपणावरच्या शेवग्यावरून गेली कित्येक वर्षं बोलणं बेताचंच होतं. त्या पहाटे इंदुताई टोपलं घेऊन आल्या आणि आपल्या झाडाखाली गुणवंतराव मांडी घालून बसलेले पाहून जागच्या जागी थांबल्या. क्षणभर त्यांनी विचार केला. मग ज्या अर्थी देवानं राखणदार पाठवलाय त्या अर्थी आपल्याला घरची भाकर टाकून येता येईल, असा सरळ हिशेब करून त्या आवाज न करता परत गेल्या. गुणवंतरावांना मिटल्या डोळ्यांनी त्यांची पावलं ऐकू आली. गावात निदान एका बाईला अध्यात्माची समज आहे, असं त्यांच्या मनात आलं.

इकडे रुखमाबाई पलीकडच्या उताराला, आपल्या झाडाखाली एकट्या होत्या. त्या झऱ्यावर पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात कोणाच्या तरी गाई येऊन अर्धी फुलं खाऊन गेल्या. रिकामं टोपलं घेऊन घरी येताना वाटेत त्यांना चार बायकांनी चार वेळा सांगितलं की गुणवंतभाऊ इंदुताईकडे राखणीला लागले वाटते.

गुणवंतराव तरंगत घरी आले तेव्हा रुखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. "जनमभर सरकारचे कागदं राखले, आता इंदूचा मोह राखून राह्यले का?" त्यांनी विचारलं.

आपण राखण करत नव्हतो, साधना करत होतो, असं गुणवंतरावांनी सांगितलं. साधनेत झाड माझं-तुझं नसतं, असंही सांगितलं. वृक्ष हा वृक्ष असतो.

"साधनेत नसन. जंगलात असते," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमच्या मायनं ज्या झाडाखाली तुमाले निजवून मोह वेचला, ते झाड तुमाले वळखू येत नाई, अन् आत्मा वळखाले चालले."

गुणवंतरावांना थोडी लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस जास्तच ताठ होतो, तसे ते ताठ झाले आणि उद्यापासून आपल्या झाडाखाली बसेन, मात्र मला कोणी बोलवायचं नाही, हलवायचं नाही, अशी अट घालून आत गेले. रुखमाबाईंनी अट मान्य केली. त्या दोन्ही शब्दांची त्यांची व्याख्या मात्र वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी ओम जेमतेम बेंबीपर्यंत पोचतो तोच कानाशी आवाज आला, "गुडघा उचला. खाली फुलं हायेत." त्यांनी गुडघा उचलला. थोड्या वेळानं दुसरा. मग सतरंजीसकट सरकावं लागलं, मग पुन्हा मूळ जागी यावं लागलं, कारण आता फुलं तिकडं पडत होती. आत्मा एका जागी स्थिर करायचा असताना बूड मात्र घड्याळाच्या काट्यासारखं झाडाभोवती फिरत होतं. मध्येच रुखमाबाई म्हणाल्या, "थोडं जोरानं म्हणा जी. त्या बाजूले वानरं हायेत, तिथवर आयकू जात नाई."

"हा ओम वानरांसाठी नाई," गुणवंतराव डोळे न उघडता दातओठ खात म्हणाले.

"मंग कोणासाठी हाये?" रुखमाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच माहिती हवी होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंदुताई आल्या. शेवग्याचा विषय कोणीच काढला नाही. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की एक दिवस का होईना, भाऊ आपल्याकडे बसले होते आणि त्या दिवशी एक फूल वाया गेलं नाही. आता दोन्ही झाडं काही फार लांब नाहीत. भाऊ जर मध्ये, त्या पळसापाशी बसले, तर दोघींचं भागेल. रुखमाबाईंनी जरा वेळ घेतला आणि हो म्हटलं. (दोन घरांत कित्येक वर्षांनी सलोखा झाला, पण ज्याच्या अंगावरून झाला त्याला कोणी विचारलं नाही.) गुणवंतरावांनी गुरुजींनी एकच झाड धरायला सांगितलंय अशी हरकत घेतली. पळस हेही झाडच आहे, असं दोघींनी एकदम सांगितलं.

असे दिवस गेले. ग्रुपवर बाकीच्या ध्येयपथिकांची वाक्यं येऊ लागली. वरोऱ्याच्या एका बाईंच्या तोंडून 'मी प्रकाश आहे' असं निघालं. मूल गावच्या एका शाळामास्तरांना भाजी निवडता निवडता 'सर्वांना कवेत घे' असं ऐकू आलं. त्या खाणीतल्या गृहस्थांनीसुद्धा 'सापडलं' एवढंच लिहून हात जोडलेलं चित्र टाकलं. गुणवंतरावांच्या तोंडून काही निघेना. जे निघे ते रेकॉर्डिंगमध्ये असं ऐकू येई: ओम, ओम, "गुडघा उचला", ओम, "हाड्, हाड्", ओम. मार्कंड्याचा दिवस जवळ आला आणि त्यांची झोप उडाली. आपल्या आत काही नसेलच तर? पाकिटासारखा आपणही नुसता चिकटवलेलाच असलो तर?

मार्कंड्याला निघायच्या आदल्या पहाटे ते पळसाखाली बसले होते. "बसा, मी चहा घेऊन येतो," असं म्हणून रुखमाबाई घरी गेल्या. इंदुताई आपल्या झाडाच्या पलीकडल्या बाजूला वाकल्या होत्या. मोबाइल शेजारी, रेकॉर्डिंग चालू. गुणवंतरावांनी आज जीव ओतून ओम सुरू केला. आणि कधी नव्हे ते मन खरंच शांत झालं. गुडघ्याचा विसर पडला, मार्कंड्याचा विसर पडला. किती वेळ गेला कळलं नाही. मागं पाचोळा वाजला. कोणीतरी सावकाश पावलं टाकत आलं आणि अगदी खांद्याशी थांबलं. मानेवर गरम श्वास लागला.

रुखमाबाई धापा टाकत आल्या असणार. गुणवंतरावांना भूक लागली होती, घसा सुकला होता, आणि बाई नेहमीप्रमाणे उशिरा आली होती. डोळे न उघडता, विचार न करता, त्यांनी हात पुढं केला आणि नोकरीच्या सगळ्या रविवारांचा आवाज एका दमात बाहेर पडला, "चहा आणला का? काऊन एवढा टाइम लागते?"

पुढं केलेल्या तळहाताला काहीतरी ओलं, खरखरीत लागलं. ती कपबशी नव्हती.

गुणवंतरावांनी डोळे उघडले. समोर अस्वल होतं, आणि अस्वलाच्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो रुखमाबाईंच्या चेहऱ्यावर दर रविवारी असायचा. एवढा वेळ ओम ऐकत जवळ आलेलं ते जनावर चहाचं ऐकून जे गर्रकन फिरलं ते झुडपं मोडत उताराखाली पळालं. गुणवंतराव हात पुढं केलेल्या अवस्थेत उभे राहिले. हात खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

झाडामागून इंदुताईंनी फक्त शेवट पाहिला. भाऊ उभे, हात पुढं, आणि अस्वल पळत चाललेलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. गुणवंतभाऊनं नुसता हात दाखवला अन् अस्वल माघारी गेलं. साधनेचं बळ आहे. कोणी पाया पडलं, कोणी लेकराला घेऊन आलं, एका बाईनं आपल्या झाडाखाली एक दिवस बसायची विनंती केली. गुणवंतराव खोलीत दार लावून बसले होते. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं होतं. सगळं स्पष्ट होतं. बेसावध असताना, विचार न करता, आतून आपोआप निघालेलं वाक्य. गुरुजींच्या सगळ्या अटी पूर्ण करत होतं. आत्म्यानं इतके जन्म घेतले, चौऱ्यांशी लक्ष योनी पायाखाली घातल्या, आणि शेवटी पळसाखाली येऊन विचारलं काय, तर चहा आणला का.

त्यांनी दिव्यानीला बोलावलं आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाकायला सांगितलं. तिनं आधी ऐकायला मागितलं. ऐकून झाल्यावर ती ओढणीचं टोक तोंडात धरून बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. "करतो डिलीट, मामाजी," ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन घाईनं बाहेर गेली.

संध्याकाळी इंदुताई वाटीभर मोहाचे लाडू घेऊन आल्या. गुणवंतरावांना बोलायची इच्छा नव्हती. त्यांनी तोंड फिरवलं. इंदुताई दारातच बसल्या.

"भाऊ, मी काई अस्वलाचं बोलाले नाई आली," त्या म्हणाल्या. "मागच्या साली मी मोह कसा वेचला मालूम हाये? पाठ झाडाले लावून. एक फूल उचलाचं अन् चार बाजू पाहाचं. मागून काई येते का म्हणून जीव टांगला राहे. या साली तुमी बसता म्हणून मी बिनधास वाकतो. कंबर दुखेपर्यंत वाकतो. तुमी तिथी काय करता मले समजत नाई, पण तुमी हाये तं बरं वाटते."

त्या गेल्या आणि गुणवंतराव लाडू हातात धरून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. भर सभेत साहेबांना जो शब्द सापडला नाही तो या बाईला दारात बसून सापडला होता. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, हे त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. चहाचं वाक्य आत्म्याचं असेल तर असू दे, पण मार्कंड्याला हेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

निघताना त्यांना वाईट वाटत होतं. एक दिवस झाडं उघडी पडणार, बायकांनी काय करायचं? त्यांनी रुखमाबाईंना उद्या जंगलात जाऊच नका असंही सुचवलं. रुखमाबाई दिव्यानीकडे पाहून म्हणाल्या, "तुमी जा निवांत. आमी पाहून घेऊ." गुणवंतरावांना तो त्यांचा धीर वाटला आणि बायकोबद्दल आदर वाटला.

मार्कंड्याला मंडप होता, नदीवरून वारा येत होता. नाव पुकारल्यावर गुणवंतराव पुढं गेले. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "दुसऱ्याला निर्धास्तपणे वाकता यावं म्हणून एका जागी बसून राहणं, यासाठी माझा जन्म आहे." मंडपात टाळ्या पडल्या, निरोपसमारंभापेक्षा पुष्कळच जास्त. सद्बोधजींनी डोळे पुसले. हे वाक्य सगळ्यात खोल आहे, बहुतेकांना ते समजायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. (त्यांनाही लागणार होता, कारण मोहाबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.) त्यांनी गुणवंतरावांच्या खांद्यावर शाल घातली. खाणीतल्या गृहस्थांनी मिठी मारली. रात्री धर्मशाळेत गुणवंतराव लहान मुलासारखे झोपले.

सकाळच्या पहिल्या बसनं ते निघाले. चामोर्शी, आष्टी, वैनगंगेचा पूल, पुढं गोंडपिपरी, आणि तिथून काळीपिवळी जीपनं गाव. काळीपिवळीत त्यांना बसायला जागा मिळाली नाही, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. घरी न जाता ते शाल सावरत थेट जंगलाकडे निघाले. बायका घाबरून बसल्या असतील. पाठ झाडाला लावून, एक फूल उचलून चार बाजूंना बघत असतील. आपण दिसलो की त्यांच्या जिवात जीव येईल.

कडेला पोचण्याआधीच त्यांना आवाज ऐकू आला. तो त्यांचाच होता.

"चहा आणला का? काऊन एवढा टाइम लागते?"

थोडी शांतता. मग पुन्हा तेच. उतारावरून वानरांची एक टोळी शेपट्या वर करून पळत गेली. गुणवंतराव एका सागाच्या खोडामागं उभे राहिले. पळसापाशी, त्यांच्या जागेवर, एक बांबू रोवला होता. बांबूला त्यांचा कचेरीतला पांढरा हाफ शर्ट घातला होता, वर जुनी टोपी ठेवली होती, आणि गळ्यात, जिथं माणसाला हृदय असतं साधारण तिथं, दिव्यानीचा तांबडा ब्लूटूथ स्पीकर लटकत होता. गावातल्या बायका आजूबाजूच्या सगळ्या मोहांखाली पसरल्या होत्या आणि निवांत वाकल्या होत्या. कोणीही मागं वळून बघत नव्हतं.

"पैले दिव्यानीनं ओमच लावला होता," रुखमाबाई फुलं वेचता वेचता इंदुताईंना सांगत होत्या. "वानरं झाडावरून खाली उतरले अन् जवळ येऊन बसले आयकाले. मंग तिनं हे लावलं. तवापासून एक जनावर फिरकलं नाई."

इंदुताई म्हणाल्या की भाऊच्या आवाजात दम आहे, हे मानावं लागेल.

तेवढ्यात स्पीकरमधून एक बारीक टूं असा आवाज आला आणि तो बंद पडला. बहुतेक चार्जिंग संपलं होतं. जंगल एकदम शांत झालं. गुणवंतरावांना वाटलं, आता बायका घाबरतील, इकडेतिकडे बघतील, आणि मग आपण सागामागून शाल घेऊन बाहेर यायचं. पण कोणी मान वर केली नाही. ते सकाळपासून उपाशी होते. पाय दुखत होते, घसा कोरडा पडला होता, ऊन चढलं होतं. ते खोडामागून बाहेर आले, रुखमाबाईंच्या अगदी पाठीमागं जाऊन उभे राहिले, आणि तोंड उघडलं ते मार्कंड्याचं सांगण्यासाठीच.

"चहा आणला का?" ते म्हणाले.

कोणी वळून पाहिलं नाही.

"बंद पडला वाटला मले," इंदुताई वाकल्या वाकल्या म्हणाल्या. "पुन्हा सुरू झाला."

"होऊ दे," रुखमाबाई म्हणाल्या आणि हाताखालची फुलं टोपल्यात टाकली. "लय चांगला डब्बा हाये. त्याले कितीक वेळा इचारू दे, उठून चहा द्या लागत नाई."